आयोडीनचा वास

लोअर परळच्या एका बारमध्ये रविवारी दुपारी व्हिस्की चाखून गुण द्यायचा कार्यक्रम होता. माझ्या शेजारी सुती साडीतल्या, साठी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. पीट नावाची माती जाळून तिच्या धुरावर सुकवलेल्या बार्लीची सिंगल माल्ट व्हिस्की आली. मला हॉस्पिटलसारखा वास आला. मी दहापैकी चार दिले.

बाईंनी ग्लास तळहातात धरला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ नुसता वास घेतला. मग एक घोट घेतला.

"आधी धूर, मग आयोडीन, शेवटी मीठ," त्या म्हणाल्या.

कार्यक्रम घेणारा बघतच राहिला. त्याच्या हातातल्या कागदावर हेच लिहिलं होतं.

"नेहमी पिता?" मी विचारलं.

"छे हो! सुनेनं हौसेनं तिकीट काढलं. चौतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते, इथेच परळला. जखम चिघळतेय की भरतेय, ते वासावरून सांगायचे. आयोडीनचा वास आला म्हणजे जखम धुऊन झाली, आता ती भरणार आणि माणूस घरी जाणार."

त्यांनी दहापैकी दहा लिहिले.

माझे चार मी तसेच ठेवले, माझ्या नाकाला तेवढंच कळलं होतं. पण पुढची व्हिस्की आली, तेव्हा त्यांचं हुंगून होईपर्यंत मी माझ्या ग्लासला हात लावला नाही.