बांगडीवाले चाचा आणि माझी पुस्तकी नाडी

माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची हार मी संक्रांतीच्या आधी, कळंबहून निघणाऱ्या एका गाडीवाटेवर खाल्ली. आजही आठवलं की अंगात तरतरी येते!

मराठवाडा मुंबई राज्यात आला त्या सुमाराची गोष्ट. मी कळंबात नवाच डॉक्टर होतो. वय सव्वीस आणि तोरा विचारू नका. एके दिवशी सत्तरीचे एक बांगडीवाले चाचा दवाखान्यात आले, सोबत चाची. दोघांना हजला जायचं होतं आणि त्यासाठी तब्येतीचा दाखला हवा होता. मी चाचांची नाडी धरली. मिनिटाला अठ्ठेचाळीस ठोके! पुन्हा मोजली, तेवढेच. साठाच्या खाली ठोके आले की हृदयावर संशय घ्यायचा, हे मी पाठ केलं होतं. मी लगेच घेतला. चाचींची पाळी येण्याआधीच माझी मान आडवी हलली.

"चाचा, तिथं फार चालावं लागतं. तुमचं हृदय थकलंय. दाखला नाही देता येणार."

त्यांचा चेहरा पार उतरला. "डॉक्टरसाब, तीस वर्सं झाली, आमी दोघं हीच एक दुवा मागतोय." मग म्हणाले, "पन काळीज थकलं का न्हाय ते खुर्चीत बसून कसं कळंल? उद्या संक्रांतीचा माल घिऊन निघतोय. चार मैल हाय. संगं चला."

म्हटलं, चला, आपोआप समजूत पटेल.

सकाळी निघालो. चाचांच्या दोन्ही खांद्यांवर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, चाचींच्या डोक्यावर भरलेली पाटी. माझ्या हातात फक्त घड्याळ. बांगडीवाल्याची चाल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल जमिनीलगत, खांदे जागचे हलत नाहीत, कारण काचेला धक्का चालत नाही. आणि वेग? मला मधूनमधून पळावं लागत होतं! दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, पण बघतोय कोण! कोणत्या गावाला हिरव्या बांगड्या लागतात, कुठं लाल खपतात, हे चाचा मजेत सांगत होते. मी आधी "असं का?" म्हणत होतो, मग "हं" वर आलो, मग तेही सुटलं. ओढा ओलांडल्यावर चाची दिसेनात. मागं राहिल्या असतील, असं मी धरून चाललो.

गाव आलं. मी पारावर बसकण मारली. घड्याळाचा काटा नीट दिसायलाच मला थोडा वेळ लागला. मग चाचांचं मनगट धरलं. शंभराच्या आतबाहेर. दोन मिनिटांनी सत्तर. आणखी थोड्या वेळानं पन्नास! खांद्यावरची एकही बांगडी टिचली नव्हती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे हृदय थकलेलं नव्हतं, कमावलेलं होतं! पन्नास वर्षांच्या चालीनं ते इतकं तयार झालं होतं, की त्याला घाई करायची गरजच नव्हती. मला इतका आनंद झाला की मी तिथंच मांडीवर कागद घेऊन दाखला लिहायला बसलो.

चाचांनी हात पुढं केला नाही. "एकट्याचा घिऊन काय करू? हिचा?"

"येऊ द्या की त्यांना मागून," मी म्हणालो.

चाचा खदाखदा हसले आणि त्यांनी पाराच्या पलीकडं बोट दाखवलं. लिंबाखाली बायकांचा घोळका होता आणि मधोमध चाची. पाटी अर्धी रिकामी झाली होती!

मी लाजत जाऊन बायकांच्या रांगेत उकिडवा बसलो. चाचींनी हातातलं गिऱ्हाइकाचं मनगट सोडलं आणि स्वतःचं माझ्यापुढं केलं. मी मोजलं. चव्वेचाळीस!

"लौकर लिवा, डॉक्टरसाब," त्या म्हणाल्या, "अजून दोन गावं करायचीत."