अंगात रक्त कमी होतं ते वर्ष

त्या वर्षी मला एका जागी बसवत नव्हतं. हैदराबादमध्ये हिमायतनगरच्या एका विमा कार्यालयात मी काउंटरवर असते. समोर माणूस कागद घेऊन उभा, आणि टेबलाखाली माझा पाय सारखा हलतोय. पोटऱ्यांत आतून काहीतरी सरपटल्यासारखं व्हायचं. उठून चार पावलं टाकली की थांबायचं, बसले की पुन्हा सुरू. साहेब एकदा बोललेसुद्धा, की मॅडम खुर्चीवर कमी आणि पाण्याच्या फ्रिजपाशी जास्त दिसतात.

त्यांचं खोटं नव्हतं. फ्रिजपाशी मी बर्फासाठी जायची. घरातला बर्फाचा ट्रे मी उभ्याउभ्या चावून संपवायची, मग मुलगी चिडायची. कार्यालयाखालच्या ज्यूसवाल्याकडे मी नुसता ग्लासभर बर्फ मागायची आणि तो मला बिचकत द्यायचा. जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे. पण बेचाळिशी आलेली, दोन बस बदलून जायचं, वर हैदराबादचा उन्हाळा. कारणं हाताशी भरपूर होती.

नल्लकुंट्यात आम्हा मराठवाड्याकडच्या लोकांचं छोटंसं बुद्धविहार आहे. जयंतीला तिथे रक्तदान शिबिर ठेवलं होतं आणि बायकांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. घरोघरी जाऊन मी बायकांना तयार केलं. भिऊ नका, एवढ्या रक्ताने काही होत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. यादीत पहिलं नाव माझंच होतं.

सिस्टरने बोटाला सुई टोचली आणि थेंब निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडला. थेंब खाली जायला पाहिजे. माझा वरच तरंगत राहिला. तिने दुसरा थेंब सोडला, तोही तसाच.

"अक्का, तुम्ही नका देऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हालाच रक्ताची गरज आहे."

मागे रांगेत माझ्याच यादीतल्या बायका उभ्या होत्या. बीपी वाढलंय म्हणे, असं मी त्यांना सांगितलं आणि सतरंज्या उचलायच्या निमित्ताने बाहेर गेले. पुढचे दहा दिवस घरात कुणालाच बोलले नाही. मग एका सकाळी कार्यालयाच्या जिन्यावर, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी पायरीवरच बसले. लोक मला वळसा घालून वर जात होते. त्या दिवशी मात्र दुपारची सुट्टी टाकून दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या, दख्खनी हिंदीत बोलणाऱ्या. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि एकदम विचारलं, "बरफ खाते क्या आप?"

चोरी पकडली गेल्यासारखी मी मान हलवली. मग त्यांनी पाळीचं विचारलं. नॉर्मल आहे, मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दिवस किती, पॅड किती, गाठी पडतात का, असं एकेक विचारत गेल्या. आठ दिवस, कधी नऊ. पहिले तीन दिवस मी कार्यालयात काळी सलवारच घालून जायची. चार वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्याला मी नॉर्मल म्हणत होते, कारण दुसऱ्या कुणाचं कसं असतं ते मी कधी विचारलंच नव्हतं.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन सात आलं. लोह तर जवळजवळ नाहीच. बर्फ, हलणारे पाय, धाप, सगळं त्यातूनच, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गोळ्या दिल्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका. बरं वाटलं तरी मी सांगेपर्यंत बंद करू नका.

घरी मायला रिपोर्टचं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"मी माती खायची," ती म्हणाली. "तुला आठवतं का?"

मला आठवत होतं. तेव्हा आम्ही गौलीगुड्यात राहायचो. माय पदराच्या गाठीत भाजक्या मातीचे खडे ठेवायची आणि भांडी घासताना तोंडात टाकायची. मी सात-आठ वर्षांची असेन. मीच बाबांना जाऊन सांगितलं. बाबांनी पाहुण्यांसमोर तिला पदराची गाठ सोडायला लावली. सगळे हसले, मीही हसले. नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

"सरकारी दवाखान्यातून गोळ्या दिल्या होत्या," माय सांगत होती. "परसाकडं काळं व्हायला लागलं. वाटलं, आतून काहीतरी सडतंय. दिल्या मोरीत टाकून."

मी तिची माफी मागितली नाही. शब्द तोंडाशी आले आणि मी गॅसवरचं दूध बघायला उठले.

गोळ्यांनी तीन आठवड्यांत बर्फाची आठवणही येईनाशी झाली. पोट मात्र गच्च व्हायचं. दोन महिन्यांनी, आता बरं आहे की, असं म्हणून मी गोळ्या सोडल्या. पाळी चालूच होती तशी. दिवाळीच्या सुमाराला पाय पुन्हा हलायला लागले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. टाकीला खाली भोक असताना वरून पाणी किती ओतणार, एवढंच म्हणाल्या, आणि सोनोग्राफीला पाठवलं. गर्भाशयात गाठ निघाली. साधीच होती, पण रक्त तीच खात होती. ती काढली, सलाइनमधून लोह दिलं, आणि हळूहळू आकडा अकराच्या वर गेला.

त्याच फेऱ्यांमध्ये एकदा मायचंही रक्त तपासून घेतलं. तेही कमीच. या वयात पाळीचा प्रश्न नाही, तेव्हा रक्त कुठे जातंय ते शोधायला हवं, असं सांगून डॉक्टरबाईंनी पोटाची दुर्बिणीतून तपासणी करायला लावली. गुडघ्यांसाठी ती दुकानातून आणून ज्या गोळ्या खायची, त्यांनी पोटात जखम झाली होती. त्या गोळ्या बंद झाल्या. शेवटच्या भेटीत माय खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली.

"माती खाऊशी वाटायची ती कशानं?" तिने विचारलं. मी डॉक्टरबाईंना हिंदीत सांगितलं.

"बीमारी थी अम्मा," त्या म्हणाल्या. "आदत नहीं थी."

बसमध्ये माय खिडकीशी बसली. नल्लकुंटा जवळ आलं होतं. मी तिकिटाची गुंडाळी करत होते, सोडत होते. बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

"तुझ्या बापाला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं," माय म्हणाली, आणि दांडा धरून उतरायला उभी राहिली.