बटाट्याच्या पाल्याची भाजी

परदेशात, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये मुलाने गॅलरीतल्या कुंडीत बटाटे लावलेत. आज नातीने त्यांचं कोवळं पान खुडलं आणि "आजी, कॅन ईट लाह!" असं इथल्या इंग्रजीत म्हणत तोंडाकडे नेलं. मी एकदम तिचं मनगट धरलं. चुरगळलेल्या पानाचा उग्र वास माझ्या बोटांना लागला आणि लग्नानंतरची एक दुपार समोर उभी राहिली.

सासरी परसात मोरीच्या पाण्यावर बटाटे लावले होते. मी विहिरीवरून आले तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, जेवायला बसले होते. सासूबाई कौतुकाने सांगत होत्या, "हरभऱ्याचा पाला चालतो, मुळ्याचा चालतो, म्हटलं बटाट्याचाही करून बघू. केवढा माजलाय!"

माहेरी तो पाला खाऊन आमची शेळी मेली होती. पण मामंजींसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. घास त्यांच्या ओठांपाशी गेला तशी मी धावले आणि त्यांचा हात धरला. सुनेने सासऱ्यांचा हात! सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली.

"विष आहे ते," मी कसंबसं म्हणाले.

मामंजींनी घास ताटात ठेवला. माझ्याकडे बघतच राहिले. मग सासूबाईंना म्हणाले, "अगं, सूनबाई बोलते की!"

आता माहेरी धाडतील, असंच वाटत होतं.

आज नातीच्या हातातलं पान काढून घेतलं आणि मगच तिचं मनगट सोडलं. तेव्हा वाटलं होतं, मी हात का धरला? आज वाटतं, लाजून दारातच उभी राहिले असते तर?