आप्पांचं विमान, माझा दसरा

दुसऱ्या महायुद्धातून माझे सासरे अंगावर साधा ओरखडाही न घेता परत आले. त्यांची खरी परीक्षा मी सून म्हणून घरात आल्यावर सुरू झाली.

आप्पा फौजेत ट्रक चालवायचे. तिकडे सीरियात त्यांच्या तुकडीनं फ्रेंचांचं एक विमान पकडलं आणि राखणीला आप्पांना बसवलं. विमानाच्या शेपटीला रेलून, अर्ध्या चड्डीत, कमरेवर हात ठेवून उभे असलेले आप्पा, हा फोटो नाशिक रोडच्या आमच्या घरात देवघराशेजारी टांगलेला असायचा. पाहुण्याचं पाणी पिऊन होण्याआधीच आप्पा सुरू करायचे, "हे फ्रेंचांचं विमान. आम्ही धरलं!"

"पण फ्रेंच तर आपल्या बाजूचे होते ना?" पाहुणा हमखास विचारायचा.

"अर्धे होते, अर्धे नव्हते. तुमच्या सोसायटीत सगळे एका बाजूला असतात का?"

पाहुणा चहाकडे वळायचा.

आता माझ्याविषयी. नव्वदच्या दशकात मी तिशीतली होते. अंगात उत्साह मावत नव्हता आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं. दसऱ्याला आपण वाहनं, यंत्रं पुजतो ना? मी स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर, इस्त्री, गिझर, काही म्हणून सोडायची नाही. (गिझरच्या हाराचं पुढे काय झालं ते विचारू नका. वास मात्र दिवाळीपर्यंत होता.) एका दसऱ्याला ताटात कुंकू उरलं, म्हणून पुजायचं राहिलेलं एखादं यंत्र सापडतंय का ते बघत मी घरभर हिंडत होते. एवढं तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून तर पुढचं रामायण झालं!

काही वर्षांनी आमच्या कॉलनीनं ठरवलं, पंधरा ऑगस्टला आप्पांचा सत्कार करायचा. स्टेजवर त्यांचा तोच फोटो मोठा करून ठेवायचा, खाली पाटी. आप्पा आठवडाभर आधीपासून टोपीला इस्त्री करून घेत होते. पाटीवर काय लिहायचं ते ठरवणार आमचे हे. हे प्रेसमध्ये, छपाईतले दोष शोधायच्या कामावर. "केसाएवढी रेघ हलली तरी मला दिसते," असं ताटावर बसून सांगायचे. (ताटातली चटणी मात्र रोज शोधावी लागायची.) त्यात जुन्या बाजारातून ह्यांनी लढाऊ विमानांचं एक सचित्र पुस्तक आणलेलं!

स्टुडिओतून मोठा केलेला काळा-पांढरा फोटो आला, तेव्हा शेजारपाजार आमच्या बैठकीत जमला. ह्यांनी भिंग लावलं आणि ओरडलेच, "आप्पा! हे फ्रेंच नाही, जर्मन आहे!"

"काय बोलतोस मधू?"

"शेपटीवर स्वस्तिक आहे बघा. नाझींची खूण!"

"अरे, त्या शेपटीच्या सावलीत बसून मी जेवलोय. तिच्यावर तीन उभे पट्टे होते. निळा, पांढरा, तांबडा."

"वयोमानानं होतं असं, आप्पा. मनाला लावून घेऊ नका." हे आता रंगात आले. "आणि स्वस्तिकाच्या चार खणांत चार ठिपके दिसतात ना? ती गोळ्यांची भोकं! एकेका खणात नेमकी एकेक. काय नेमबाजी असेल!"

"बाई गं!" शेजारच्या काकू हळहळल्या.

"आणि पंखाखाली हे लांबट, पांढरं... हा बॉम्ब! अजून टाकायचाच आहे!"

काकू दोन पावलं मागे सरकल्या.

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पाटीवर जर्मन लिहिणार असशील, तर मी स्टेजवर येणार नाही. उभ्या जन्मात त्या फोटोबद्दल खोटं बोललो नाही मी." आणि हे म्हणताना त्यांनी ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी शहाणी! मला वाटलं, आप्पांना माझा आधार हवाय. "आप्पा, उद्यापासून भिजवलेले बदाम देते हं. विसरायला होणार नाही." असं म्हणून चहाचा ट्रे ठेवायला मी वाकले, तर बॉम्ब थेट माझ्या नाकासमोर आला.

बॉम्बचं एक टोक जरासं तुटलेलं होतं. ह्या असल्या बॉम्बांतले खडे मी रोज सकाळी निवडायची.

"अगं बाई, हा तर इंद्रायणी!"

"हे कुठलं विमान?" ह्यांनी पुस्तक उघडलं.

"विमान नाही हो, तांदूळ! अक्षता आहे ती!"

आणि मग तो दसरा धाडकन समोर उभा राहिला. फोटोची काच तडकली म्हणून काढून ठेवलेली, ताटात उरलेलं कुंकू, हातात काडेपेटीची काडी. वाहन म्हटलं की पुढच्या बाजूला स्वस्तिक काढतात, पण तिथे पंखा होता, म्हणून मी शेपटीवर काढलं. चार ठिपके देऊन, अक्षता वाहून, साग्रसंगीत! दुसऱ्या दिवशी वर नवी काच बसली आणि कुंकू आत काळं पडत गेलं.

मूळ फोटो फ्रेममधून काढला, तेलात भिजवलेला कापूस फिरवला. नाझी राजवट कापसावर आली! खाली तीन पट्टे. एक गडद, एक पांढरा, एक करडा. ह्यांनी पुस्तकातलं फ्रेंच विमान शेजारी धरलं. शेपटी हुबेहूब! त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात केसाएवढ्या रेघेचा विषय निघाला नाही.

सगळे पांगल्यावर मी आप्पांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"खाटेवरून बघत होतो की त्या दसऱ्याला. आरतीसुद्धा ओवाळलीस."

"मग बोलला का नाहीत? सत्कार सोडायला निघालात!"

"चारचौघांत सुनेचं हसं करून शाल घ्यायची होय?" आप्पांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "आणि लोकांनी त्या विमानावर गोळ्या झाडल्या, सूनबाई. कुंकू लावणारी तू एकटीच."

ह्यांनी पुसलेला फोटो रातोरात स्टुडिओतून पुन्हा मोठा करून आणला. दुसऱ्या दिवशी स्टेजवर आप्पा 'फ्रेंच' लिहिलेल्या पाटीशेजारी ताठ उभे राहिले. मी पहिल्या रांगेत होते आणि टाळ्या वाजवताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं. पुढे दर दसऱ्याला ते स्वतः फोटो माझ्या हातात द्यायचे. "घे, पूजा कर. पण काचेवरून!"

आज आप्पा नाहीत. मी अजून काचेवरूनच करते आणि दरवेळी त्यांना मनोमन हात जोडते. त्यांच्या आख्ख्या तुकडीनं लढून मिळवलेलं विमान मी एका काडीवर जर्मनांना देऊन टाकलं होतं, आणि वर त्यांनाच बदाम खायला सांगत होते!