मोरिता-सानांच्या पणजोबांची केस

“मग त्या थडग्यात आहे तरी कोण?” मोरिता-सानांनी विचारलं.

“ते नाही सांगता येणार,” मी म्हणालो. “पण जेम्स नाही, हे नक्की.” आणि मॅच जिंकून दिल्यासारखा बसून राहिलो.

टोकियोत, तोयोसुच्या आमच्या ऑफिसात लोकांच्या वंशावळी शोधून देतात. मी आलो होतो सॉफ्टवेअरसाठी. इंग्रजी बरं म्हणून स्कॉटलंडचं डेस्क माझ्या गळ्यात पडलं. स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव सांगायला मला पुण्याला आईला फोन करावा लागतो, ही माझी पात्रता.

मोरिता-सान नागोयाच्या, ऐंशी ओलांडलेल्या, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात. पणजोबा जेम्स आगबोटींचे इंजिनिअर म्हणून स्कॉटलंडहून आलेले. इथे घराण्यातल्या सगळ्यांच्या अस्थी एकाच दगडाखाली ठेवतात. आपणही तिथेच जाणार, त्याआधी पणजोबांचे आईबाप कळावेत, एवढीच बाईंची इच्छा.

स्कॉटलंडसाठी दोन ठिकाणी बघायचं. पॅरिश रजिस्टर, म्हणजे चर्चमधली बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद. आणि दर दहा वर्षांची जनगणना: घरात कोण, वय काय. मला जेम्सचा बाप्तिस्मा सापडला. गाव, आईबाप, सगळं जुळलं. थोडं पुढे त्याच जेम्सचं दफन. वय चार.

शहाण्या माणसाने जनगणना उघडली असती. मी थिअरी मांडली. मेलेल्या पोराचं नाव उचलून कोणी भामटा जपानला पळाला!

बॉस इतो-सान म्हणाले, “पेठे-सान, हे फारच इंटरेस्टिंग आहे.” जपानी बॉस असं म्हणाला की थांबायचं असतं. मी प्रिंट काढून नागोया गाठलं.

“इतकी वर्षं मी उदबत्ती कोणाला लावत होते?” मोरिता-सान म्हणाल्या. मी चहा संपवला आणि निघालो.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका केसमध्ये एकाच आईच्या दोन मार्गारेट निघाल्या. मी स्कॉटलंडच्या आर्काइव्हला मेल टाकली, तुमच्या डेटात डुप्लिकेट आहे. तिथल्या बाईंचं उत्तर आलं: “डुप्लिकेट नाही. पहिली वारली. आजीचं नाव चालू राहावं म्हणून पुढच्या मुलीला तेच ठेवलं. आमच्याकडे हे सर्रास चाले.”

आपल्याकडे गेलेल्या पोराचं नाव पुन्हा ठेवायची कोणाची छाती होत नाही. मला हे सुचणारच नव्हतं. मोरिता-सानांची फाइल काढून जनगणना उघडली. त्याच घरात जेम्स, वय सहा. पहिल्याच्या दफनानंतर जन्मलेला.

नागोयाला दार त्यांच्या मुलीने उघडलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, पणजोबा खरे होते, चूक माझी.

तिने दोन्ही हातांनी रिपोर्ट घेतला, वाकली.

“आई गेली. अनोळखी माणसाशेजारी ठेवू नका म्हणाली. आम्ही अस्थी समुद्रात सोडल्या.” मग निघताना मला बिस्किटांचा डबा दिला.

“क्लायंटची तक्रार?” इतो-सानांनी विचारलं.

“नाही.” मी डबा टेबलावर ठेवला. तो त्यांनी उघडला नाही. मीही नाही.

आता दफनाची नोंद सापडली की मी त्या घराची पुढची जनगणना बघतो. पाच मिनिटांचं काम आहे.