रेझ्युमेतले आठ महिने

विश्रांतवाडीच्या खोलीत रूममेट माझा रेझ्युमे टाइप करत होता. तो माझ्यासारखाच वर्धेकडचा. मध्येच थांबला. "अबे, हे मधातले आठ महिने कुठं होता तू? गॅप पाह्यला का फेकून देतेत हे लोक."

दोन कंपन्यांनी फेकलाही होता. मला नोकरी हवीच होती. नाही तर गावी परत जाणं आलं, आणि परत गेलो तर मी बापाला जिवे मारीन, याची मला खात्री होती.

मग त्याने मनानेच ओळ ठोकली: वडिलांच्या आजारपणात त्यांची सेवा केली. वाचलं आणि माझं डोकं फिरलं. कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. त्याचा ओठ फुटला, लॅपटॉप खाली पडला. बिचाऱ्याला काय माहीत!

त्या आठ महिन्यांच्या सुरुवातीला मी सुटीवर घरी गेलो होतो. बाप आईला विहिरीच्या मोटारीच्या पाइपने मारत होता. मी पाइप हिसकावला. पहिला फटका आईला सोडवायला मारला. पुढचे तीन माझ्या हौसेचे. त्याचा उजवा हात मोडला. हाडाचा आवाज ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग ऑपरेशन, सळ्या, जखमेत पू. आईला मी त्याच्याजवळ जाऊ देईना, म्हणून अंघोळ मीच घालायचो, मीच भरवायचो. तोंड मिटून बसला की जबडा दाबून घास कोंबायचो. अशी सेवा.

रूममेटने ओठावरचं रक्त पुसलं, लॅपटॉप उचलला. "मार अजून. ओळ राहीन." शेवटी, 'वरील माहिती खरी आहे' या वाक्याखाली मी सही केली.

मुलाखतीत बाईंनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "अरे वा! हल्ली आईवडिलांसाठी कोण थांबतं? काय झालं होतं हो त्यांना?"

"हात मोडला."

"कशाने?"

"न्हाणीघरात पाय घसरला," मी म्हणालो. "पडले."

त्या हळहळल्या. सोमवारपासून या म्हणाल्या.

जिना उतरताना मी तेच वाक्य पुन्हा पुटपुटलो. आईचा डोळा सुजला की ती शेजारणींना हेच सांगायची, न्हाणीघरात पाय घसरला, आणि इतकं सराईत खोटं बोलते म्हणून मला तिचीच चीड यायची.