व्याह्यांचा फेटा

“मास्तर, पोरीच्या लग्नात सुती घालू? मयताला चाललोय काय मी?”

हरिभाऊंनी कापडाची पिशवी माझ्या टेबलावर आपटली. कर्जतच्या बाजारात मी जेन्ट्स टेलर आहे. लग्नसराई आली की असली भांडणं रोजचीच. हरिभाऊ भिवपुरीचे, पॉवरहाऊसच्या नोकरीतून रिटायर झालेले. लग्न मे महिन्यात, भर दुपारी, कळंबजवळच्या एका रिसॉर्टच्या लॉनवर. आणि त्यांना हवा होता अस्तर लावलेला जोधपुरी कोट. ऐकूनच मला घाम फुटला.

सोबत त्यांची मुलगी सुवर्णा होती, म्हणजे नवरीच. वडील पंख्याखाली जाऊन बसल्यावर ती हळूच म्हणाली, “काका, मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या लग्नात बाबा सफारीत चक्कर येऊन पडले. सलाईन लावायला लागलं. माज्या लग्नात ते उभे पायजेत. बाकी मला काय नको.”

मी पिशवीतलं कापड काढलं. दुकानदाराने ‘लिनन’ म्हणून दिलेलं. कडेचा एक धागा ओढला आणि काडी लावली. सुताची किंवा लिननची राख होते, कागदासारखी. याचा काळा टणक मणी झाला आणि प्लॅस्टिकचा वास सुटला.

“हे लिनन नाही, पॉलिएस्टर आहे. घाम आत कोंडणार.”

“पण चमक हाय ना!” हरिभाऊ म्हणाले. “पुण्याचे पावणे येणार. आमी काय गडी दिसायचं?”

ही चमक मला एक दिवस मारणार आहे. शेवटी मी हातमागाचं मोतिया कापड दाखवलं. सुतात थोडं रेशीम असलेलं, मंद चमकणारं. त्यांनी बोटांत चोळून पाहिलं आणि गप्प झाले. गिऱ्हाईक गप्प झालं की टेलरने लगेच कात्री उचलावी.

आता अस्तर. लोक वरचं कापड भारी घेतात आणि आत पॉलिएस्टरचं अस्तर लावायला सांगतात. म्हणजे खिडकी उघडायची आणि तिच्यावर ताडपत्री बांधायची. मी फक्त खांद्यांना मलमल लावली, पाठ तशीच सोडली. कॉलर ताठ ठेवायला आत घालतात ते बुक्रमही पातळ घेतलं. काखेत ढिलाई ठेवली. ट्रायलला हरिभाऊ आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “आतून एक मोठा खिसा द्या.”

“कशाला? कोट फुगेल.”

“माजी टोपी ठेवाया. तिच्याबिगर मी कुटं जात नाय.”

मी चरफडत खिसा दिला.

लग्नाला गेलो तेव्हा लॉन नुसतं तापलं होतं. हरिभाऊ मात्र ताजे दिसत होते. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात व्याहीभेट झाली. व्याह्यांनी मानाचा फेटा आणला होता. सॅटिनचा, जरीचा, जाडजूड. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी हरिभाऊंना बांधला. मी कोटाचा एकेक टाका जपला होता आणि डोक्यावर ही भट्टी बसली. मानाचा फेटा उतरवायचा नसतो. थोड्याच वेळात हरिभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी मांडवाचा खांब धरला.

सुवर्णा मुंडावळ्या सावरत बोहल्यावरून खाली आली.

“बाबा, फेटा काढा.”

“येडी का गं तू? व्याह्यांचा मान हाय तो!”

“तुमी पडलात तर मी परत बोहल्यावर चढणार नाय.”

तिने स्वतः वडिलांच्या डोक्यावरून फेटा उचलला आणि दोन्ही हातांनी सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांनी फेट्याकडे पाहिलं, हरिभाऊंच्या घामाकडे पाहिलं. मग आपलाही फेटा काढून त्याच्यावर ठेवला.

“बरं झालं पोरी. मघापासून कुणी म्हणतंय का, याची वाट बघत होतो.”

बघता बघता खुर्च्यांवर फेट्यांचा ढीग झाला. हरिभाऊंनी आतल्या खिशातून टोपी काढली. जुनी, पांढरी, सुती. ती डोक्यावर चढवून ते मंगलाष्टकं संपेपर्यंत लेकीजवळ ताठ उभे राहिले. माझे डोळे भरून आले, ते मी घामाच्या नावावर खपवलं.

कोटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आता लग्नाचं माप घेताना मी डोक्यावर काय बांधणार तेही विचारतो. गिऱ्हाईक हसतं. मी आतला खिसा मात्र न विचारता देतो.